वेताळाचा गोतावळा

इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकांवरून धो धो कोसळते. असे डोह दिसले की जुन्या माणसांना गिऱ्हा आठवतो. बुडून मेलेल्याचं हे भूत! रात्री नदी ओलांडणाऱ्याला पाणी उथळ असल्याचं भासवायचं आणि खोलात ओढायचं, हा त्याचा धंदा. पण त्याचा केस तुमच्या हाती लागला, तर तोच तुमचा गडी होतो, मागाल ते आणून देतो. केस मात्र जपायचा. त्याला तो परत सापडला की घराची राखरांगोळी झालीच. आणि गिऱ्हा एकटा नाही, आपल्याकडे भुतांचं अख्खं कूळच आहे.

या कुळात जन्माने नाही, मरणाने शिरतात. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी पोरगा गेला, की तो मुंजा, मुक्काम पिंपळावर. खवीस, झोटिंग, समंध यांच्या जातीसुद्धा लोकांनी ठरवून टाकल्या होत्या. गावाची उतरंड मसणातही सुटली नाही! बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, सवाष्ण मेलेली जखीण. हडळीच्या गोष्टी गावोगाव का, याचं उत्तर मला भीतीपेक्षा दुःखात दिसतं. दवाखाना नव्हता, सुईणीवर सगळी भिस्त, आणि कितीतरी लेकी बाळंतिणीच्या खोलीतून बाहेरच आल्या नाहीत.

चकवा तर रानातला उस्ताद. रात्रभर चालवतो आणि पहाटे जिथून निघालात तिथेच आणून सोडतो. त्यावर जुना उपाय म्हणजे चालणं थांबवून उजाडेपर्यंत बसून राहणं. उपाय पक्का आहे. २००९ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात चालायला लावलं. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की सरळ चालतोय असं वाटणारी माणसं गोल फिरू लागली. किनवटच्या सागवानी रानात आभाळ भरून आलेल्या रात्री वेगळं काय होणार?

कुळाचा राजा वेताळ. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत तो वेतोबा होऊन गाव राखतो. नवसाला केळी आणि भल्यामोठ्या चपला. रात्री गावभर फिरून तो त्या झिजवतो, अशी श्रद्धा आहे. 'चांदोबा'तला विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ चितारला शंकर यांनी, आणि तो पिढ्यान् पिढ्या डोक्यात बसला.

या भुतांची पद्धतशीर नोंद करायला घेतली ती नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनने, शाळामास्तरांच्या मदतीने. २१ डिसेंबर १९०९ ला 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या. पुढे एन्थोव्हेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने ते टिपण छापलं. कोकणचा भाग १९१५ मध्ये आला.

गोष्टी खुशाल सांगा, पोरांना घाबरवा, रंगवून रंगवून घाबरवा. पण भूत उतरवतो म्हणून कुणी माणसाला साखळीने बांधलं, मारलं, मिरचीची धुरी दिली, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. या कायद्याखालचा राज्यातला पहिला गुन्हा आपल्या नांदेडातच नोंदला गेला, चमत्कारी औषधांच्या जाहिरातीवरून. असं काही दिसलं तर गप्प बसू नका, थेट पोलीस ठाणं गाठा.