कून रॅपिड्स : बियाण्याने घडवलेले गाव

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आयोवा राज्यात, मिडल रकून नदीच्या काठी वसलेल्या कून रॅपिड्सची लोकसंख्या आज सुमारे १,३०० आहे. तरीही विसाव्या शतकातील मक्याच्या शेतीचा इतिहास या गावाला वगळून सांगता येत नाही. येथील काळ्या, कसदार जमिनीत मका मुख्य पीक होते आणि शेतकरी आपल्याच कणसांतून निवडून पुढच्या हंगामाचे बियाणे ठेवत असे. ही रीत पालटण्यात याच गावच्या रॉसवेल गार्स्ट यांचा मोठा वाटा होता. हेन्री वॉलेस यांनी १९२६ मध्ये संकरित मक्याची कंपनी काढल्यानंतर, गार्स्ट यांनी १९३० मध्ये चार्ल्स थॉमस यांच्यासह तेच बियाणे कून रॅपिड्समध्ये तयार करण्यास आरंभ केला.

स्वपरागीकरणाने अनेक पिढ्या शुद्ध केलेल्या वाणांचा संकर करून हे बियाणे मिळते. त्यासाठी मादी ओळींतील तुरे, म्हणजे शेंड्यावरचा नर फुलोरा, पराग सुटण्यापूर्वीच उपटावे लागतात; ऐन उन्हाळ्यातले हे कष्टाचे काम आयोवातील अनेक शाळकरी मुलांची पहिली कमाई ठरले. संकराचा जोम पुढच्या पिढीत ओसरत असल्याने बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि महामंदीच्या काळात हा खर्च शेतकऱ्याच्या गळी उतरणे कठीण होते. म्हणून गार्स्ट यांनी वाढीव उत्पन्नातील निम्म्या वाट्याच्या बोलीवर बियाणे दिले. जोखीम विक्रेत्याने उचलण्याची ही पद्धत त्यांच्या यशाचे खरे मर्म म्हणावी लागेल. १९३४ आणि १९३६ च्या दुष्काळांत संकरित मक्याने अधिक तग धरला, आणि उरलेली शंका फिटली. ब्राइस रायन व नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी आयोवातील दोन वस्त्यांमधील २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा १९४१ पर्यंत केवळ दोघांनी नवे बियाणे स्वीकारले नव्हते.

पोटभर अन्न मिळाल्याशिवाय जगात शांतता टिकणार नाही, या श्रद्धेने गार्स्ट १९५५ मध्ये हे बियाणे विकण्यासाठी सोव्हिएत संघात गेले. पुढे २३ सप्टेंबर १९५९ रोजी, शीतयुद्ध ऐन भरात असताना, सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह स्वतः त्यांच्या शेतावर आले.

मात्र वाढत्या उत्पादनाबरोबर यंत्रे आली, शेते मोठी झाली आणि त्यांवर राबणारी कुटुंबे कमी झाली. १९८० च्या दशकातील कर्जसंकटाने आयोवातील अनेक शेतकऱ्यांना जमिनी सोडाव्या लागल्या. गार्स्ट यांची बियाणे कंपनीही कालांतराने बहुराष्ट्रीय उद्योगांकडे गेली. कुटुंबाने आपली हजारो एकर जमीन मात्र व्हाइटरॉक कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या हाती सोपवली असून तेथे शेती, चराई आणि मूळ माळरानाचे पुनरुज्जीवन यांचा मेळ घातला जातो.