सभ्य कोण?

'सभ्य' हा शब्द आपल्या घरांत दिवसांतून कितीदां तरी उच्चारला जातो. मुलें ओरडलीं कीं आजी त्यांस सभ्यपणा शिकविते. सोयरीक जुळवावयाची झाली कीं 'घराणें सभ्य आहे ना?' हा पहिला प्रश्न. परंतु ह्या शब्दाचा मूळ अर्थ शांत, गोडबोल्या किंवा नीटनेटका असा नाहीं. पाणिनीय व्याकरणाप्रमाणें सभेच्या ठायीं जो साधु, म्हणजे योग्य व कुशल, तो सभ्य. चारचौघांत बसून ऐकणें, विचारणें, तोलून बोलणें आणि ठरलेल्या कामाचा आपल्या वांट्याचा भार उचलणें ज्यास जमतें, त्याचें तें विशेषण आहे. आज मात्र अर्थ असा उलटला आहे कीं, 'आपल्याला त्या राजकारणांत पडायचें नाहीं' असें म्हणून जो दार लोटून घेतो, त्यासच आपण सभ्य गृहस्थ म्हणतों. हा उलटलेला अर्थ पुन्हां सुलटा व्हावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

विषय हवेंत राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें ठेवूं. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांत डोंगरकडा हें गांव आहे. ऊस, हळद व केळी पिकविणारा हा मुलूख. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता. रयतेस ठाऊक होते ते पाटील व देशमुख, आणि त्यांच्या वर तहसीलदार व तालुकदार. कारभार करणारा निराळा आणि सोसणारा निराळा, हीच रीत. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याखालीं येथेंहि पंचायती चालूं लागल्या. पुढें त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ति २४ एप्रिल १९९३ रोजीं अमलांत आली व ग्रामसभेस राज्यघटनेंतच स्थान मिळालें. ज्या गांवच्या पणजोबांस कारभाराविषयीं प्रश्न विचारण्याची सोय नव्हती, त्याच गांवच्या पणतूस तो हक्क कायद्यानें मिळाला, हें अंतर लहान नव्हे.

ग्रामपंचायत आणि ग्रामसभा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें पुष्कळ सुशिक्षितांच्याहि ध्यानांत नसतें. पंचायत म्हणजे निवडून दिलेले सदस्य व सरपंच. सभा म्हणजे गांवच्या मतदारयादींत ज्याचें ज्याचें नांव आहे असा प्रत्येक स्त्री-पुरुष. तिच्या सभासदत्वासाठीं अर्ज नाहीं, वर्गणी नाहीं, कोणाची शिफारस नाहीं. वर्षांतून अशा किमान चार सभा भरल्या पाहिजेत, व साधारण सभेची सूचना सात दिवस आधीं दिली पाहिजे. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेपुढें मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, लेखापरीक्षणांतील शेरे आणि चालू वर्षीं योजिलेलीं कामें मांडणें हें पंचायतीचें कर्तव्य आहे. आपल्या एकत्र कुटुंबांत दिवाळीनंतर थोरले काका वहीखातें उघडून सर्वांस बोलावीत, तशीच ही गांवाची वही. फरक इतकाच कीं, येथें धाकट्या सुनेसहि थोरल्या काकांइतकाच आवाज आहे.

आतां ह्या व्यवस्थेचें मर्म जेथें दडलें आहे ती गोष्ट सांगतों. ग्रामसभेची गणपूर्ति मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकीं जी संख्या कमी असेल ती. म्हणजे गांवांत मतदार सातशें असोत कीं सात हजार, शंभर जण जमले कीं काम सुरूं. तेवढे जमले नाहींत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हां भरते तेव्हां तिला गणपूर्तीची अट राहत नाहीं. पहिल्या दिवशीं शंभर जमले नाहींत, तर पुढच्या खेपेस पंधरा जण त्याच विषयांवर हात वर करूं शकतात, आणि त्यांचा ठराव साऱ्या गांवाचा ठराव ठरतो. त्यासाठीं कोणाची लबाडी असावीच लागत नाहीं. सारें कायदा पाळूनच घडतें. जे घरीं राहिले त्यांनीं न बोलतां संमति दिली, एवढाच त्याचा अर्थ. रस्ता भलत्याच आळींतून गेला, टांकी नको तेथें बांधली, अशा तक्रारी ओट्यावर बसून आपण तासन् तास करतों. त्या वेळीं कोणीतरी हळूच विचारावें कीं, ठराव झाला त्या सभेस आपल्या घरांतून कोण गेलें होतें?

ठराव कशाचे होतात हेंहि पाहिलें पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ पासूनच्या पांच वर्षांत ग्रामपंचायतींस दिलेल्या निधीपैकीं ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठीं बांधून दिला होता, आणि उरलेला ४० टक्के गांवानें आपली निकड पाहून खर्चावयाचा होता. निधीचे आंकडे दिल्लींत ठरतात; परंतु कोणत्या वस्तीला नळ आधीं आणि कोणाचें गटार मग, हें दिल्लीला कळत नाहीं. तें गांवानेंच सांगावें लागतें. डोंगरकड्याच्या टापूंत तर हा प्रश्न विशेष नाजूक. ऊस व केळी हीं तहानेलीं पिकें, आणि पाऊस बेभरंवशाचा. पिण्यास किती पाणी राखावयाचें आणि पिकास किती द्यावयाचें, हें जेथें सर्वांनीं मिळून ठरविलें नाहीं, तेथें तें ज्याची मोटार मोठी तो ठरवितो.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवीं ही गोष्ट सभेनें हातीं घेतली. १९९० च्या सुमारास हें गांव दुष्काळानें व व्यसनानें पोखरलेलें होतें. आज तेथें पावसाचें माप घेऊन पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडतात, आणि पिण्याचें पाणी राखून उरलेल्यांत कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ठरवितात. शेतीसाठीं कूपनलिका खणावयाची नाहीं, हा निर्बंधहि गांवानें स्वतःवर घालून घेतला. हाच निर्बंध वरून हुकुमानें आला असता तर शंभर पळवाटा निघाल्या असत्या. चारचौघांत दिलेला शब्द मोडतांना मात्र मनुष्य शरमतो.

प्रश्न विचारण्यास फार विद्या लागते असेंहि नाहीं. आमच्या पाहण्यांतील एका सभेंत एका वृद्ध बाईनें उभें राहून इतकेंच विचारलें, "वरच्या आळीला रोज पाणी आणि आमच्या आळीला चौथ्या दिवशीं, हें कां बरें?" तिला सही येत नव्हती. ग्रामसेवकानें प्रश्न इतिवृत्तांत लिहून घेतला. आणि लिहिला गेला म्हणूनच पुढच्या सभेंत त्याचें उत्तर देणें भाग पडलें. त्याच वेळीं शेजारच्या ओट्यावर गांवांतील चार-पांच पदवीधर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांस देशाच्या अंदाजपत्रकाची बारीक माहिती होती. गांवाचें अंदाजपत्रक मात्र त्यांपैकीं एकानेंहि पाहिलें नव्हतें.

सभेनें कारभार चालविणें ही पाश्चात्यांची देणगी आहे, असें समजणाऱ्यांनीं कांचीपुरमजवळील उत्तरमेरूरचे शिलालेख आठवावेत. दहाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत, परांतक चोळ राजाच्या काळीं, तेथील ब्राह्मणांच्या सभेनें आपल्या समित्या निवडण्याचे नियम दगडावर कोरून ठेविले. ताडपत्रावर नांवें लिहून घड्यांत टाकावयाचीं व लहान मुलाच्या हातानें चिठ्ठी काढावयाची. आणि ज्यानें पूर्वीं पद भोगून हिशेब दिला नसेल तो तर नाहींच, त्याचे जवळचे आप्तहि निवडीस पात्र नाहींत. आपल्या महाराष्ट्रांतहि गोतसभेच्या महजरावर पाटील-कुळकर्ण्यांबरोबर बलुतेदारांच्या निशाण्या असत. कुणब्याचा नांगर तेथें अक्षराच्या तोलाचा मानला जाई. मात्र एक गोष्ट मोकळेपणीं कबूल केली पाहिजे. उत्तरमेरूरच्या सभेंत बसण्यास जमीन, घर व वेदविद्या लागे, आणि गोतसभेंतहि सर्वांस सारखा मान नव्हता. आजची ग्रामसभा त्या दोहोंहून मोठी आहे, कारण तिचें दार कोणासहि बंद नाहीं.

येथें दोन आक्षेप हटकून घेतले जातात. पहिला असा कीं, आमचीं घरें गांवांत मूठभर उरलीं. कुळकायद्यानें जमिनी गेल्या, मुलें नोकरीस्तव शहरांत गेलीं. आमचें कोण ऐकणार? याचें उत्तर वरच्या वृद्ध बाईनें दिलेंच आहे. निवडणुकींत मतें मोजतात, पण जमाखर्चांतील एखाद्या रकमेविषयीं विचारलेला सरळ प्रश्न एकट्याचा असला तरी तो नोंदला जातो. दुसरा आक्षेप असा कीं, तेथें गट आहेत, आरडाओरडा आहे, भल्या माणसानें कशास जावें? टिळक १८९५ सालीं पुणें नगरपालिकेचे सभासद झाले, गोखले तिचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्याहि आधीं जोतीराव फुले १८७६ पासून कांहीं वर्षें तेथें सभासद होते. देशाचें ओझें ज्यांच्या शिरावर होतें त्यांस गटारांची व दिव्यांची चर्चा हलकी वाटली नाहीं. ती आम्हांस हलकी वाटावी, इतके आम्ही कोण मोठे लागून गेलों? मात्र जाणाऱ्यानें उपदेशक होऊन जाऊं नये. सर्वांबरोबर त्याच सतरंजीवर बसावें, आधीं ऐकावें, आणि ज्यास लिहितां येत नाहीं त्याचा अर्ज लिहून द्यावा. विद्येचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं.

शहरवासी वाचकांस वाटेल, हें सारें खेड्यापुरतें झालें. खरी विचार करण्याजोगी गोष्ट तर पुढेंच आहे. डोंगरकड्याच्या मजुरास कायद्यानें जी जागा दिली आहे, ती पुण्या-मुंबईच्या अभियंत्यास नाहीं. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें, म्हणजे १ जून १९९३ पासून, तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. पण त्यांत बसतात ते मुख्यतः नगरसेवक, सारे मतदार नव्हेत. २००९ सालीं महाराष्ट्रानें शहरांसाठीं 'क्षेत्रसभे'ची तरतूद कायद्यांत घातली. व्यवहारांत ती रुजली नाहीं. मार्च २०२२ मध्यें मुदत संपल्यावर पुण्याचा व मुंबईचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हातीं राहिला. त्या अवधींत नागरिकांचा एकहि निवडलेला प्रतिनिधि सभागृहांत नव्हता. पुण्यास २००६ पासून नागरिकांनीं आपल्या भागांतील लहान कामें अंदाजपत्रकासाठीं सुचविण्याची सोय झाली, ती स्तुत्य आहे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरानें १९८९ पासून हाच मार्ग पुष्कळ पुढें नेला. तेथें वस्तीवस्तीचे लोक जमून नव्या कामांचा क्रम ठरवूं लागले. शहरांतील सुशिक्षितांनीं आपल्यासाठीं अशी सभा मागितली पाहिजे. पण जी मिळाली आहे ती ओस पडली, तर दुसरी कोणत्या तोंडानें मागणार?

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. कुटुंबांतील जो भाऊ किंवा पुतण्या गांवीं राहतो व तेथील मतदार आहे, त्यानें पुढील सभेची तारीख आजच विचारून ठेवावी. विषयपत्रिका वाचावी, जमाखर्चाची नक्कल मागावी, आणि एकच प्रश्न नीट तयार करून न्यावा. शहरांतील भावानें हिशेब तपासण्यास मदत करावी, आणि आपल्या नगरपालिकेची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालीं मागवावी. घरांतील स्त्रियांनीं मागें राहूं नये. नियमित ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविण्याचा नियम आहे, आणि २०११ पासून महाराष्ट्रांतील पंचायतींत निम्म्या जागा त्यांच्या आहेत. पाण्याची खरी वेळ घरांत त्यांनाच ठाऊक असते. सभेच्या दिवशीं स्वयंपाकाचा भार पुरुषांनीं घेतला, तर तीहि ग्रामसेवाच होईल.

संध्याकाळीं सर्व मंडळी जेवावयास बसतील तेव्हां एवढेंच विचारून पाहावें: ह्या वर्षीं झालेल्या सभांपैकीं आपल्या घरांतून कितींना कोणी गेलें? उत्तर 'एकीलाहि नाहीं' असें आलें, तर त्यांत लाजण्यापेक्षां पुढची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवणें अधिक उपयोगाचें. शंभर माणसें लागतात. त्यांपैकीं दोन-तीन आपल्या घरचीं असावींत.