भिंतीवरचं पोस्टर

१९९८ साली आम्ही सेंट लुईसला होतो. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांमुळे मार्क मॅग्वायर घरचाच झालेला. भिंतीवर त्याचं हे भलंमोठं पोस्टर! ८ सप्टेंबरला त्यानं ६२वा होमरन मारला आणि रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा विक्रम मोडला. मॅरिस तेव्हा हयात नव्हते. मॅग्वायरनं त्यांच्या मुलांना मिठी मारली, तेव्हा लेक तर रडलाच, मीही डोळे पुसले. त्या मोसमात तो थेट ७० वर पोहोचला.

पुढे कुजबुज सुरू झाली. २००५ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर त्यानं मागचं काही बोलायचंच टाळलं. अखेर जानेवारी २०१० मध्ये कबूल केलं, त्या वर्षीसुद्धा स्टेरॉइड्स घेतली होती. ‘हॉल ऑफ फेम’च्या मतदानात २०१६ पर्यंत दहा वर्षं त्याचं नाव होतं, निवडून काही आला नाही.

कबुलीच्या दिवशी लेकाचा फोन आला. ‘‘आई, मी तेव्हा रडलो होतो गं. ते सगळं खोटंच?’’

‘‘तुझं रडणं खरंच होतं रे,’’ मी म्हटलं.

पण मन मात्र पॅट मॅरिस यांच्यापाशी अडकलं. मॅग्वायरनं त्यांना फोन करून माफी मागितली होती. माफी मिळेलही, पण नवऱ्याचा विक्रम मोडला गेला ती बारा वर्षं त्या माउलीला कोण परत देणार?