कडा चढणारं पाणी

गच्चीवरची हजार लिटरची टाकी काठोकाठ भरली आहे असं समजा. म्हणजे बरोबर एक टन पाणी. ते सगळं ४०० मीटर उंचीवरून खाली सोडलं आणि वाटेत त्याच्याकडून टर्बाइन फिरवून घेतलं, तर वीज किती मिळेल? जेमतेम एक युनिट! दीड टनाचा एसी तेवढ्यावर तासभरही धड चालायचा नाही.

आता सह्याद्रीत चला. भंडारदऱ्याच्या पलीकडे घाटघरला जमीन एकाएकी संपते आणि खाली कोकण पसरलेलं दिसतं. कड्याच्या माथ्यावर, अकोले तालुक्यात, एक तलाव आहे. पायथ्याशी, शहापूर तालुक्यात चोंढे गावाजवळ, दुसरा. दोन्हींच्या उंचीत सुमारे ४०० मीटरचा फरक. वीजगृह पूर्ण भाराने चालतं तेव्हा दर सेकंदाला आपल्या टाकीसारख्या जवळजवळ ७० टाक्या पाणी खाली कोसळतं आणि २५० मेगावॉट वीज देतं. दर सेकंदाला ७० टाक्या! पण खरं नवल पुढेच आहे. हे पाणी परत वर जातं.

वर कोण नेतं? ज्या यंत्राने वीज तयार केली, तेच. पाण्याने पातं फिरवलं की ते टर्बाइन. त्याच पात्याला वीज देऊन उलटं फिरवलं की तोच पंप. जोडलेलं जनित्रही तसंच. बाहेरून फिरवलं तर वीज देतं, वीज दिली तर मोटर होऊन स्वतः फिरतं. घाटघरला १२५ मेगावॉटचे असे दोन संच आहेत, आणि तेही डोंगराच्या पोटात. इतक्या खोल का? पंपाच्या तोंडाशी पाण्याचा दाब कमी पडला, तर पाण्यात वाफेचे बारीक बुडबुडे उठतात आणि पात्यावर फुटतात. बुडबुडेच ते, पण पोलादाला खड्डे पाडतात! म्हणून असा पंप खालच्या तलावाच्या पातळीच्याही बराच खाली बसवतात.

आणखी एक गंमत पाहा. वरचा तलाव गोदावरीच्या खोऱ्यातला, म्हणजे त्या पाण्याची वाट बंगालच्या उपसागराची. खालचा तलाव अरबी समुद्राच्या उतारावर. एकच पाणी सह्याद्रीचा पाणलोट पुन्हा पुन्हा ओलांडतं.

पाणी चढवायला १०० युनिट खर्च करावे, तर उतरताना साधारण ७५ ते ८० परत मिळतात. मग हा आतबट्ट्याचा व्यवहार नाही का? नाही, आणि त्याचं कारण विजेच्या स्वभावात आहे. तारांच्या जाळ्यात वीज साठून राहत नाही. ज्या क्षणी कुणी बटण दाबतं, त्याच क्षणी कुठेतरी तेवढी जास्त वीज तयार व्हावी लागते. हा तोल सांभाळला गेला तरच देशभरच्या जाळ्याची वारंवारिता ५० हर्ट्‌झच्या आसपास राहते.

सूर्याची अडचण नेमकी इथे येते. पृथ्वीवर अवघ्या दोन तासांत पोचणारी त्याची ऊर्जा साऱ्या जगाच्या वर्षभराच्या गरजेहून जास्त आहे. पण ती येते दुपारी. आपण दिवे, पंखे, टीव्ही लावतो तिन्हीसांजेला, सौर पॅनेल झोपी जातात तेव्हा. दुपारी घ्यायला कुणी नसलेले १०० युनिट वाया घालवायचे, की संध्याकाळी त्यांतले ७५ हाती घ्यायचे?

२००८ मध्ये घाटघर सुरू झालं तेव्हा हिशेब वेगळा होता. रात्री मागणी घटते, पण कोळशाची केंद्रं मनात येईल तेव्हा विझवता-पेटवता येत नाहीत. त्या उरलेल्या विजेवर पाणी चढवायचं, अशी योजना होती. सौरऊर्जेने हे वेळापत्रकच फिरवलं. शिल्लक वीज आता भर दुपारची. यंत्र मात्र तेच चालतं! कोळशाचं थंड केंद्र तापायला कित्येक तास घेतं, हे काही मिनिटांत तयार होतं. वेल्समधल्या डिनॉर्विगच्या अशाच वीजगृहात संच आधीपासून रिकामे फिरत ठेवले असतील, तर १२ सेकंदांत १३२० मेगावॉट मिळतात.

सह्याद्रीत असे आणखी बरेच उदंचन प्रकल्प, म्हणजे पाणी वर चढवून वीज साठवणारे प्रकल्प, प्रस्तावित आहेत. त्यांची मला ओढ वाटते आणि धास्तीही, कारण उंच कडा जिथे आहे तिथेच दाट जंगलही आहे. पण मोठी नदी अडवणं इथे सक्तीचं नसतं. दोन छोटे तलाव एकदा भरून घेतले की तेच पाणी फिरत राहतं, फक्त बाष्पीभवनाने उडालेलं भरून काढायचं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी नद्यांपासून दूर अशा जागा अवकाशातून मोजलेल्या उंचींवरून जगभर शोधल्या. सापडल्या सहा लाखांहून जास्त! त्यांतल्या अगदी थोड्या वापरल्या तरी भागेल, म्हणजे जंगल सोडून जागा निवडायला वाव आहे. क्वीन्सलँडमध्ये किडस्टनला तर तलावही नव्याने खणायचे नव्हते. सोन्याची खाण बंद पडली होती आणि तिचे दोन प्रचंड खड्डे तसेच उरले होते. तिथल्या प्रकल्पाची आखणीही २५० मेगावॉटचीच आहे.