चाकाची रेघ आणि उताराचं पाणी

‘सायकल ना धूर सोडते, ना आवाज करते; मग ती डोंगरवाटेवर चालवली तर बिघडतं काय?’ तळेगाव (श्यामजी पंत) इथल्या एका तरुण वाचकाचा हा प्रश्न. नागपूर-अमरावती महामार्गावरचा सत्याग्रही घाट आणि त्याभोवतीच्या टेकड्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला जाड टायरची गिअरची सायकल घेऊन तिकडे जाण्याचा मोह लगेच कळेल. धुराचं म्हणणं मान्य. आवाज न करणं ही मात्र या भागात जमेची बाजू नाही, त्याकडे येतोच. आधी मातीचं बघू.

डोंगरी सायकलच्या टायरमध्ये चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब भरतात आणि टायर जमिनीवरही जवळपास तेवढाच दाब देतो. सायकल आणि स्वार मिळून ९० किलो धरले, तर सगळा भार ४५ चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे अर्ध्या तळहाताएवढ्या जागेवर येतो. दोन्ही पावलांवर स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाचा दाब याच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास असतो. यावरून सायकल पावलापेक्षा घातक ठरायला हवी. पण प्रयोग तसं सांगत नाहीत. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात विल्सन आणि सेनी यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओल्या वाटेवर घोड्यांनी आणि पायी चालणाऱ्यांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी केली होती. कॅनडात थर्स्टन आणि रीडर यांनी २००१ मध्ये सायकल आणि पायी चालणं यांची ५०० फेऱ्यांपर्यंत तुलना केली. वनस्पती आणि माती यांच्या नुकसानीत दोघांमध्ये ठळक फरक सापडला नाही.

सायकल-पर्यटनाचे पुरस्कर्ते हे दाखले आवर्जून देतात, आणि ते खोटे नाहीत. पण तिथली माती वेगळी आणि पाऊसही वेगळा. आपल्याकडे वर्षाचं बहुतेक पाणी चार महिन्यांत कोसळतं. पावलांचे ठसे सुटे सुटे असतात, त्यांत पाणी साचतं आणि जिरतं. चाकाची रेघ अखंड असते, त्यामुळे उतारावर तिचा पाट होतो. बंड्यांच्या चाकोरीने खोल गेलेले पांदण रस्ते पाहिलेत ना? पावसाळ्यात त्यांचे नाले होतात, ते याच कारणाने.

इथे विल्यम हॉपकिन्स यांची आठवण काढायलाच हवी. हा माणूस आधी शेतकरी होता. शेती जमली नाही म्हणून तिशीच्या उंबरठ्यावर केंब्रिजला शिकायला गेला आणि पुढे तिथला सर्वांत नावाजलेला खासगी शिकवणी घेणारा झाला. स्टोक्स, केल्विन, मॅक्सवेल हे तिघेही त्याचे विद्यार्थी. ज्या परीक्षेत १८९९ साली र. पु. परांजपे सीनियर रँग्लर झाले, त्याच परीक्षेत पहिले येणारे कितीतरी विद्यार्थी हॉपकिन्सने आधीच्या पिढ्यांत घडवले होते. शिष्यांची नावं पाठ्यपुस्तकात पानोपानी आहेत, गुरूचं शोधून सापडत नाही. या गुरूने १८४० च्या दशकात गणिताने दाखवलं की प्रवाह जास्तीत जास्त किती वजनाचा दगड ढकलू शकतो, हे वेगाच्या सहाव्या घातावर ठरतं. म्हणजे पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ६४ पट वजनाचा दगड हलवतं! पसरून सावकाश उतरणारं पाणी एकदा चाकाच्या रेघेत शिरलं आणि धावू लागलं, की काल जागचा न हललेला गोटा आज वाहून का जातो, ते या एका घातांकात आहे.

काळ्या मातीची गंमत आणखी निराळी. भिजली की ती फुगते, लोण्यासारखी मऊ होते, टायरच्या खाचांत शिरते आणि थर चढत चढत फोर्कला घासू लागते. शेवटी चाक फिरतच नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. टेकडीवर तर मुरमावर मातीचा पातळ थर तेवढा असतो. तो गेला की गवताला धरायला जागा उरत नाही.

आता वेग. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ७ मीटर. वळणापलीकडे काही दिसलं, तर ब्रेक दाबेपर्यंतच ७ मीटर गेलेले असतात आणि सुट्या मुरमावर घसरत थांबायला आणखी ६-७ मीटर लागतात. घाईने पुढचाच ब्रेक करकचून दाबला, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो; खांदा, हासळी किंवा डोकं जमिनीवर आदळतं.

वळणापलीकडे माणूसच असेल असंही नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ ताशी तीसेक किलोमीटरच्या वेगाने जाणारा एक अनुभवी स्वार थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि अस्वलाच्या हल्ल्यात त्याचा जीव गेला. चौकशीत दिसलं, की दोघांनाही सावरायला एक-दोन सेकंदच मिळाले होते. तळेगाव परिसरात ग्रिझली नाहीत, पण बिबटे आहेत, आणि बोर व्याघ्र प्रकल्प याच वर्धा जिल्ह्यात आहे. वाघ प्रकल्पाची हद्द पाळत नाहीत. पायी जाणाऱ्यांची चाहूल जनावराला लागते, ते वेळेत बाजूला होतं. बिनआवाजाची सायकल ती संधीच देत नाही. निदान हँडलला घंटी बांधा आणि पहाटे, तिन्हीसांजेला जंगलात जाऊ नका.

तिन्हीसांज टाळायला आणखी एक कारण आहे. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही शेतांच्या तारांत वीज सोडतात. बोरमध्ये सोडलेली ब्रह्मपुरीची वाघीण २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या कारंजा तालुक्यात अशाच तारेला लागून मेली. अंधारात धुऱ्यावरून सायकल काढणाऱ्यालाही ती तार दिसत नाही.

राखीव वनात शिरण्याआधी वन खात्याची परवानगी घ्यावीच लागते. तिच्यासोबत वाटही नीट आखून मागा. जगभर वाट आखणारे एक साधा नियम पाळतात: वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. टेकडीला २० टक्के उतार असेल, तर आडवी वळवत नेलेली वाट १० टक्क्यांच्या आत ठेवायची. मग पाणी वाट ओलांडून खाली जातं, तिच्यातून धावत नाही. जिथे ते तरीही साचेल तिथे तिरपा चर खणून ते झुडपांत सोडायचं. समतल चर खणणाऱ्या गावातल्या मजुरांना हे काम शिकवावं लागणार नाही. आणि सर आली, मागे वळून पाहिल्यावर चाकाची रेघ बोटाच्या पेराएवढी रुतलेली दिसली, तर तिथूनच परत फिरायचं.