बुडबुडा नको

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात उतरलं की फरीदकोट हाऊस, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, पायी जाण्याइतकं जवळ. एप्रिल 2019 मध्ये या न्यायाधिकरणानं सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी मर्यादा कडक केल्या: बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) लिटरला 10 मिलिग्रॅम, विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू 100 मिलिलिटरमध्ये फार तर 230. ते वाचून मला मनापासून बरं वाटलं. पण जंतू इतके खाली आणायला अनेक ठिकाणी क्लोरीनच वापरतात, आणि क्लोरीन जंतूंवर थांबत नाही. पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांशी जुळून तो क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन तयार करतो. हे 1974 मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवून दिलं.

आम्ही प्रयोगशाळेत शोधायचो तो या ट्रायहॅलोमिथेनांचा कच्चा माल. तो थेट मोजता येत नाही, कारण एका नमुन्यात अशी हजारो द्रव्यं असतात. म्हणून त्याला मुद्दाम क्लोरीन पाजायचं. नमुना 0.45 मायक्रॉनच्या पडद्यातून गाळायचा. 254 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश तो किती शोषतो ते पाहायचं; त्यावरून अंदाज येतो. मग सामू 7 वर आणून, भरपूर क्लोरीन घालून तपकिरी बाटली काठोकाठ भरायची. झाकण लावून बाटली उलटी करायची, टिचकी मारायची. मुगाएवढाही बुडबुडा वर सरकला तर पुन्हा पहिल्यापासून, कारण क्लोरोफॉर्म उडून त्या हवेत जातं. सुरुवातीला माझ्या निम्म्या बाटल्या फुकट जायच्या. पुढे 25 अंशांवर, अंधारात, सात दिवस. आठव्या दिवशी उरलेला क्लोरीन मारून नमुना गॅस क्रोमॅटोग्राफवर.

एकदा दोन नमुन्यांचा बीओडी जवळपास सारखा होता, पण एकाचं क्लोरोफॉर्मचं शिखर दुसऱ्याच्या दुप्पट उंच आलं. चूक वाटली, म्हणून पुन्हा केलं, तेच आलं. नंतर उमगलं. बीओडी म्हणजे जिवाणूंनी खाल्लेल्याचा हिशेब. ह्युमिक द्रव्यांसारखं जे त्यांना पचत नाही, ते ताटात तसंच उरतं, आणि क्लोरीनला तेच आवडतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोरोफॉर्मला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. त्या 2019 च्या आकड्यांत या कच्च्या मालासाठी रकाना नाही. दिल्लीतून बाहेर पडलेलं पाणी यमुनेतून आग्र्याला पोचतं. तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रात त्यात पुन्हा क्लोरीन पडतो.