शर्यतपथावरील मोटार : चाकांचे कोन, उंची आणि त्यांच्या संज्ञा

यंत्रव्यवसायांतील संज्ञांचा विचार भाषाभ्यासकाने करावयाचा म्हणजे केवळ प्रतिशब्दांची यादी सिद्ध करावयाची, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो फारसा उपयोगाचा नाही. ‘सस्पेन्शन’ या शब्दास ‘निलंबन’ हा प्रतिशब्द योजला, तर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मोटारीची स्प्रिंग उभी न राहता कामावरून दूर केलेला कारकून उभा राहतो. प्रतिशब्द शोधण्यापूर्वी संज्ञेमागील वस्तुव्यवहार नीट समजावून घेतला पाहिजे. या दृष्टीने क्रीडामोटार शर्यतपथावर चालविण्यासाठी तिच्या चाकांचे कोन व तिची उंची कशी ठरवितात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. उदाहरणासाठी माझ्दा कंपनीची १९८९ साली बाजारात आलेली एमएक्स-५ ही दोन आसनांची मोटार घेतली आहे. वजनाने ती एक टनाहून थोडी हलकी असून तिच्या चारही चाकांना वरखाली दोन दोन बाहू आहेत. हौशी शर्यतींत तिचा वापर विपुल होत असल्याने तिच्याविषयीचा अनुभवही पुष्कळ साठलेला आहे.

प्रथम उंची. ‘गाडी जितकी खाली, तितकी चांगली’ असे हौशी मंडळींत सर्रास म्हटले जाते. यातील सत्यांश आकड्यांनी तपासता येतो. मोटार व चालक मिळून वजन १००० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४६ सेंटिमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १४१ सेंटिमीटर धरू. वळणावर गुरुत्वाकर्षणाइतकाच आडवा जोर आला, तर आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सुमारे ३२६ किलो भार सरकतो. मोटार ३ सेंटिमीटर खाली आणली, तर हा आकडा सुमारे ३०५ होतो. टायरवरील भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, ती त्याहून कमीच वाढते. म्हणून भार जितका समान वाटलेला राहील तितकी एकंदर पकड अधिक. २१ किलोंचा हा लाभ खरा आहे, पण तो फुकट मिळत नाही.

कारण, खाली आणलेल्या त्याच ३ सेंटिमीटरनी चाकाची वर जाण्याची मोकळीक कमी होते. एमएक्स-५ मध्ये ती मुळातच थोडी आहे. मोकळीक संपली की शॉकअपच्या दांड्यावरील रबरी ठोकळा दाबला जातो आणि स्प्रिंगचा कडकपणा एकाएकी अनेक पटींनी वाढतो. भर वळणात हे मागच्या बाजूस घडले तर मागील चाकांची पकड क्षणात सुटते आणि मोटार स्वतःभोवती फिरते. चालकाला वाटते आपला हात चुकला. वस्तुतः हातापेक्षा उंचीचा दोष मोठा असतो. ज्या मोटारींना वरचा बाहू नसून पुढील चाक एका उभ्या नळीवर बसविलेले असते, त्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. तेथे मोटार फार खाली आणली की खालचा बाहू चाकाकडे चढता होतो, आणि मोटार ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली जातो. परिणामी खाली आणलेली मोटार पूर्वीपेक्षा अधिक कलते. ‘खाली’ या एका क्रियाविशेषणात इतके परस्परविरोधी परिणाम दडलेले आहेत.

आता कोन. चाकाकडे समोरून पाहिले असता त्याचा माथा मोटारीच्या आत किंवा बाहेर किती झुकलेला आहे, हे सांगणारा कोन म्हणजे कॅम्बर. वाकडे, कमानदार या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. जहाजाच्या डेकचा व रस्त्याचा मधला उंचवटाही याच नावाने ओळखला जातो. माथा आत झुकला की त्यास ऋण कॅम्बर म्हणतात. येथे ‘ऋण’ हे केवळ भूमितीतील चिन्ह आहे, त्यात उणेपणा काही नाही. मिस्त्री लोक ‘चाक वरून आत घेतलंय’ असे म्हणतात. माझ्या मते ही मराठी वाक्यरचना कोणत्याही सिद्ध संज्ञेपेक्षा अधिक निःसंदिग्ध आहे.

वळणावर मोटारीचे अंग बाहेर कलते आणि त्याबरोबर बाहेरील चाकाचा माथाही बाहेर कलू लागतो. टायर मग आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो व जमिनीशी असलेला त्याचा स्पर्श आक्रसतो. वरचा बाहू खालच्याहून आखूड ठेवल्यामुळे एमएक्स-५ चे चाक दाबले जाताना आपोआप थोडे आत झुकते, पण तेवढ्याने भरपाई होत नाही. म्हणून उभ्या मोटारीतच चाक आत झुकवून ठेवतात. शर्यतपथावरील चिकट टायरांसाठी पुढे अडीच ते तीन अंश व मागे दोन ते अडीच अंश ऋण कॅम्बर ठेवण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. हे मोजण्यास महागडे उपकरणच हवे असे नाही. गवंड्याचा ओळंबा चाकासमोर सोडावा व १४ इंची रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजावे. दोन अंतरांत ६.२ मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश. मात्र फरशी सपाट हवी, अन्यथा मोजमाप फरशीचे होते, चाकाचे नव्हे. कॅम्बर अतिरिक्त ठेवल्यास सरळ मार्गावर टायर आतल्या कडेवर चालतो आणि ब्रेक लावल्यावर मोटार थांबण्यास अधिक अंतर घेते.

कॅस्टर हा कोन बाजूने पाहिल्यावर दिसतो. पुढील चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्याचा माथा मागे रेललेला असतो. त्यामुळे सुकाणूचक्र सोडले असता ते स्वतः सरळ होते, आणि चाक वळविताच बाहेरील चाकास आणखी ऋण कॅम्बर मिळतो. म्हणजे हवा तेथेच मिळतो, सरळ मार्गावर नाही. एमएक्स-५ मध्ये खालच्या बाहूच्या मुळाशी दोन विकेंद्री बोल्ट आहेत. दोन्ही एका दिशेस फिरविले की कॅम्बर बदलतो, विरुद्ध दिशांस फिरविले की कॅस्टर. त्यामुळे एकाचे टोक गाठले की दुसऱ्यासाठी वाव उरत नाही. आधी हवा तितका कॅम्बर घ्यावा व उरेल तितका सारा कॅस्टर घ्यावा, ही रीत मला सयुक्तिक वाटते. तो साधारणतः पाच अंशांच्या आसपास येतो.

तिसरा कोन ‘टो’. हे नाव पायाच्या बोटांवरून आले आहे. वरून पाहता चाकांची पुढची तोंडे एकमेकांकडे वळलेली असली तर टो-इन, फाकलेली असली तर टो-आउट. या चाकासाठी प्रत्येक बाजूस दशांश अंश म्हणजे साधारण एक मिलिमीटर. पण टायर झिजविण्यात व मोटारीचा स्वभाव बदलण्यात या मिलिमीटरचा वाटा कॅम्बरच्या अंशाहून मोठा असतो. पुढे टो शून्य किंवा किंचित आउट ठेवला तर मोटार वळणात चटकन शिरते. मागे मात्र दोन्ही बाजू मिळून दीड ते तीन मिलिमीटर टो-इन ठेवतात. बाहूंच्या मुळाशी रबर असते. ब्रेक लावला की ते दबते आणि मागील चाकांची तोंडे फाकू पाहतात. मुळात थोडे टो-इन नसेल तर वेगात ब्रेक लावताना मागील चाके टो-आउट होतात आणि मोटारीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो. येथे आळस करणे जिवाशी खेळण्यासारखे आहे.

फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषेतील चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या त्याच्या संबंधांतून ठरते, असे प्रतिपादन आहे. या कोनांस तो विचार जवळजवळ शब्दशः लागू पडतो. उंची बदलली की तिन्ही कोन बदलतात, कॅम्बर बदलला की टो बदलतो. म्हणून कामाचा क्रम उलटसुलट करून चालत नाही. टाकीत शर्यतीपुरते इंधन भरून व आसनावर चालकाच्या वजनाइतका भार ठेवून आधी उंची ठरवावयाची. मग चार चाके चार काट्यांवर ठेवून भार पाहावयाचा. लंगड्या चौरंगाचा एक पाय उंच केला तर तो आणि त्याच्या तिरप्या समोरचा असे दोन पाय भार घेतात, उरलेले दोन हलके होतात. स्प्रिंगखालची चकती फिरविली असता मोटारीत हेच घडते. दोन्ही तिरक्या जोड्यांवर शक्यतो निम्मा निम्मा भार यावा. या वेळी कल रोखणारा दांडा सोडवून ठेवला नाही तर काटे खोटे बोलतात. त्यानंतर कॅम्बर व कॅस्टर, आणि टो सर्वांत शेवटी.

दोन्ही बाजूंचे कोन सारखेच असावेत हाही नियम नव्हे. अमेरिकेतील लंबवर्तुळाकार पथांवर मोटारी केवळ डावीकडे वळतात. तेथे पुढील उजवे चाक वरून आत व डावे वरून बाहेर झुकविलेले असते. मिस्त्रीच्या भाषेत सांगावयाचे तर दोन्ही चाके डावीकडे ‘बघतात’.

अखेरचा निर्णय टायरच देतो. वेगाच्या फेरीनंतर मोटार हळू न चालविता थेट आत आणावी व उष्णतामापकाची सुई टायरच्या आतल्या, मधल्या व बाहेरच्या भागांत टोचून तिन्ही आकडे टिपून घ्यावेत. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा थोडी गरम असावी. बाहेरची अधिक गरम असल्यास कॅम्बर अपुरा आहे. मधला भाग दोहोंहून गरम असल्यास दोष कोनाचा नसून हवेच्या दाबाचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलण्यापूर्वी विकेंद्री बोल्टांच्या जागा रंगाने खुणावून ठेवाव्यात, म्हणजे संध्याकाळी घरी परतताना रस्त्यावरचे कोन पुन्हा बसविता येतात.